बीटा-२ रिसेप्टर स्वतः उघडून बघा: औषध कुठे बसतं आणि पेशीला ते कसं कळतं

बी.फार्म.च्या नोट्समध्ये हा विषय दोन वाक्यांत उरकलेला असतो. औषध रिसेप्टरवर (पेशीवरच्या, बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रोटीनवर) बसतं. रिसेप्टर चालू होतो. शेजारी कुलूप-किल्लीचं चित्र, खाली पाच मार्कांचा प्रश्न. पुढे एम.फार्म. किंवा एम.एस्सी.च्या सेमिनारला हाच विषय वाट्याला आला की लक्षात येतं, पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं ते कुणी सांगितलेलंच नाही. पेपर उघडावा तर पहिल्याच पानावर हेलिक्स सहा, आयनिक लॉक, ३.३२ असलं काहीतरी.

माझ्या मते हा विषय नुसता वाचून डोक्यात शिरत नाही, बघावा लागतो. रिसेप्टरच्या त्रिमितीय रचना फुकट मिळतात, त्या बघायचं सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. एखाद्या रविवारी दुपारी निवांत बसलात तर औषध कोणत्या अणूंना धरून बसलंय आणि त्यामुळे रिसेप्टरचं खालचं टोक किती सरकलंय, हे तुम्ही स्वतः मोजू शकता.

उदाहरण घेऊ बीटा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरचं. हा श्वासनलिकेच्या स्नायूंवर असतो आणि दम्याच्या पंपातलं सालब्युटॅमॉल यावरच काम करतं. हा जीपीसीआर कुटुंबातला, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आतल्या जी-प्रोटीनला देणाऱ्या रिसेप्टरांपैकी. माणसाच्या शरीरात या कुटुंबाचे सुमारे ८०० सदस्य आहेत आणि मंजूर औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं यांच्यापैकी कुणावर तरी काम करतात. रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कुटुंबावरच्या कामासाठी, आणि त्यातला मोठा वाटा बीटा-२ चा.

काय काय लागेल

- साधा लॅपटॉप आणि माऊस. टचपॅडवर रेणू फिरवताना वैताग येतो, माऊस घ्याच.
- कायमेरा-एक्स किंवा पायमॉल. कायमेरा-एक्स शिक्षण-संशोधनासाठी फुकट आहे. पायमॉलची मुक्त आवृत्तीही चालेल.
- प्रोटीन डेटा बँकेतल्या चार फाइली: २आरएच१, ४एलडीओ, ३एसएन६ आणि ३पीडीएस. शोधताना हे कोड अर्थातच रोमन लिपीत टाका. ४एलडीओमधलं शेवटचं अक्षर ‘ओ’ आहे, ते शून्य समजून टाकलंत तर फाइल सापडणार नाही.
- जीपीसीआर-डीबी हे संकेतस्थळ, अमिनो आम्लांचे क्रमांक ताडून बघायला.
- कागद आणि पेन्सिल. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

१. आधी औषध कागदावर काढा

सॉफ्टवेअर उघडायची घाई करू नका. ॲड्रेनॅलिन हाताने काढा. एका टोकाला बेंझिनची कडी, तिच्यावर शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट (हे कॅटेकॉल). मग दोन कार्बनची साखळी, त्यातल्या कडीजवळच्या कार्बनवर आणखी एक हायड्रॉक्सिल. शेवटी नायट्रोजन, त्याला एक मिथाइल.

आता त्या नायट्रोजनवर धन प्रभार लिहा. शरीराच्या ७.४ पीएचला ॲड्रेनॅलिनचे बहुतेक रेणू एक जादा प्रोटॉन घेऊन फिरत असतात. पुस्तकातल्या चित्रात हा प्रभार सहसा दाखवत नाहीत आणि पुढचं निम्मं गणित त्याच्यावरच अवलंबून असतं.

कडीजवळच्या त्या कार्बनवर चार वेगवेगळे गट आहेत, म्हणजे रेणूचे डावा-उजवा असे दोन प्रकार संभवतात. शरीर आर-प्रकार बनवतं आणि रिसेप्टरवर तोच जास्त जोरकस ठरतो. सालब्युटॅमॉलचंही तसंच. मेडिकलमध्ये लेव्होसालब्युटॅमॉल वेगळं मिळतं ते त्यामुळेच. त्यात फक्त आर-प्रकार असतो.

२. फाइल उघडल्यावर आधी परकी मंडळी ओळखा

२आरएच१ उघडा. ही २००७ सालची रचना, २.४ अँगस्ट्रॉम बारकाव्याची. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) आत कॅराझोलॉल नावाचं औषध आहे, ते रिसेप्टरला बंद अवस्थेत धरून ठेवतं.

पडद्यावर सात उभ्या हेलिक्सांचा (मळसूत्रासारख्या वळलेल्या भागांचा) जुडगा दिसेल. तो आपला रिसेप्टर. पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेली एकच साखळी, एकूण ४१३ अमिनो आम्लांची. त्याच्या खाली आणखी एक गठ्ठा लोंबकळतो. नवखी मुलं हमखास त्याला जी-प्रोटीन समजतात आणि सेमिनारच्या स्लाइडवर बाण काढून तसं लिहितातही. तो टी-फोर लायसोझाइम आहे, विषाणूचं एक एन्झाइम. रिसेप्टरचा पाचव्या आणि सहाव्या हेलिक्समधला सैल दोरीसारखा भाग स्फटिक बनू देत नव्हता, म्हणून संशोधकांनी तो कापून तिथे हे घट्ट प्रोटीन जोडलं. शरीरात ते नसतं. फाइलमध्ये त्याचे क्रमांक हजाराच्या पुढचे आहेत, त्यावरून ते निवडा आणि सरळ पुसून टाका.

३एसएन६ मध्ये तर गर्दीच आहे. तिथे रिसेप्टरची साखळी ‘आर’ या नावाने आहे. ए, बी आणि जी या तीन साखळ्या मिळून जी-प्रोटीन. ‘एन’ म्हणजे नॅनोबॉडी, सगळा पसारा स्थिर राहावा म्हणून घातलेला प्रतिपिंडाचा तुकडा. वर पुन्हा लायसोझाइम. इथेही लायसोझाइम पुसा, पण जी-प्रोटीन ठेवा. पुढे लागेल.

मधे मधे साखळी तुटलेली दिसली तर फाइल बिघडलेली नाही. जे भाग फार हलतात ते प्रयोगात दिसत नाहीत, म्हणून फाइलमध्येही येत नाहीत.

३. औषध कुणाला धरून बसलंय ते बघा

आता ४एलडीओ. २०१३ ची रचना, आत साक्षात ॲड्रेनॅलिन. हिच्यातलाही लायसोझाइम पुसा आणि नॅनोबॉडी लपवा. मग औषधापासून ४ अँगस्ट्रॉमच्या आतली अमिनो आम्लं दाखवायला सांगा. सॉफ्टवेअरमध्ये ‘झोन’ नावाचा पर्याय असतो.

सगळ्यात आधी ॲस्पार्टेट ११३ शोधा. तिसऱ्या हेलिक्सवर आहे. त्याचा ऋण प्रभार आणि औषधाच्या नायट्रोजनवरचा धन प्रभार समोरासमोर येतात. ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन या सगळ्यांच्या जीपीसीआर रिसेप्टरांमध्ये याच जागी ॲस्पार्टेट आहे. सगळी अमाइन मंडळी, सगळ्यांना धरायची खुंटी एकच.

पलीकडून सातव्या हेलिक्सवरचं ॲस्परॅजीन ३१२ येतं. मधल्या हायड्रॉक्सिलला आणि नायट्रोजनला या दोघांनी मिळून पकडलंय. आर-प्रकार का चालतो याचं उत्तर इथे आहे. हायड्रॉक्सिल दुसऱ्या बाजूला वळवलं तर ही पकड नीट जमत नाही.

आता रेणूच्या दुसऱ्या टोकाला या. कॅटेकॉलच्या दोन हायड्रॉक्सिलांसमोर पाचव्या हेलिक्सवरचं सेरीन २०३ आणि सेरीन २०७, शिवाय सहाव्यावरचं ॲस्परॅजीन २९३. अंतरं मोजा. दोन जड अणूंमध्ये साधारण ३.५ अँगस्ट्रॉमपर्यंतचं अंतर हायड्रोजन बंध म्हणून धरायला हरकत नाही. फक्त बारकावा ३.२ अँगस्ट्रॉमचा आहे, तेव्हा अहवालात दोन दशांश स्थळांपर्यंत अंतर लिहून रुबाब दाखवू नका. व्हायवाला बाहेरचे परीक्षक तिथेच पकडतात.

कडीच्या दोन्ही अंगांना तेलकट स्वभावाची अमिनो आम्लं दिसतील: फेनिलॲलॅनिन २८९ आणि २९०, व्हॅलिन ११४ आणि ११७. ही बंध असे दाखवता येण्याजोगे करत नाहीत, म्हणून मुलं त्यांना वगळतात. कडी जागेवर दाबून ठेवण्याचं काम त्यांचंच आहे, वगळू नका.

पेपरांमधले ३.३२, ५.४६ हे क्रमांक इथेच समजून घ्या. पहिला आकडा हेलिक्सचा. त्या हेलिक्सवर सगळ्या कुटुंबात सर्वांत कमी बदललेल्या अमिनो आम्लाला ५० म्हणायचं आणि तिथून पुढे-मागे मोजायचं. तिसऱ्या हेलिक्सवर आर्जिनिन १३१ हे ३.५०. त्याच्या अठरा घरं आधी ॲस्पार्टेट ११३, म्हणून ३.३२. हे दशांश अपूर्णांक नाहीत. दोन वेगळ्या रिसेप्टरांतल्या समान जागा बोलता याव्यात म्हणून केलेली सोय आहे.

४. बंद आणि चालू रचना एकमेकींवर ठेवा

हा लेख वाचून एवढी एकच पायरी केलीत तरी चालेल.

२आरएच१ आणि ३एसएन६ एकत्र उघडा. कायमेरा-एक्समध्ये ‘मॅचमेकर’ने ३एसएन६ ची ‘आर’ साखळी २आरएच१ वर बसवा. लायसोझाइम आधी पुसायला सांगितलं ते यासाठी. तो दोन्ही फाइलींमध्ये आहे आणि ठेवलात तर जुळवणीत लुडबूड करू शकतो. साखळीचं नाव स्वतः निवडा, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

आधी वरून बघा, औषधाच्या खिशाकडून. फरक जेमतेम दिसतो. बारकाईने बघितलंत तर पाचवी हेलिक्स सेरीन २०७ पाशी आत, औषधाकडे, सुमारे २ अँगस्ट्रॉम सरकलेली आहे. बस, एवढंच. औषधाच्या कडीने सेरीनना ओढून घेतलंय. कॅराझोलॉल काय करतं तेही तपासा. त्याचं नायट्रोजनचं टोक ॲस्पार्टेट ११३ आणि ॲस्परॅजीन ३१२ ला तितकंच छान धरतं, पण पाचव्या हेलिक्सला असं आत ओढत नाही. बसलंय मात्र पक्कं.

आता रेणू उलटा करा आणि पेशीच्या आतल्या बाजूने बघा. दोन्ही रचनांमध्ये ग्लुटामेट २६८ चा अल्फा कार्बन (मुख्य साखळीतला कार्बन) निवडा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. साधारण १४ अँगस्ट्रॉम यायला हवं. सहाव्या हेलिक्सचं खालचं टोक एवढं बाहेर फेकलं गेलंय आणि तयार झालेल्या फटीत जी-प्रोटीनची एक हेलिक्स घुसून बसलीय.

वर दोन, खाली चौदा. कुलूप-किल्लीचं चित्र इथे कमी पडतं. त्यात कुलूप आहे त्याच आकाराचं राहतं, इथे रिसेप्टरच आकार बदलतो.

५. दोनाचे चौदा कसे होतात

मधला भाग बघायला औषधाच्या खाली या. पाचव्या हेलिक्सवर प्रोलिन २११, तिसरीवर आयसोल्युसिन १२१, सहावीवर फेनिलॲलॅनिन २८२. तिघं एकमेकांना खेटून आहेत. पाचवी हेलिक्स आत आली की प्रोलिन आयसोल्युसिनच्या जागेवर येतं, आयसोल्युसिन सरकतं, त्यामुळे फेनिलॲलॅनिनला हलावं लागतं आणि त्याच्यासोबत सहावी हेलिक्स वळते. वरच्या टोकाला झालेला बारीक वळसा लांबलचक हेलिक्सच्या खालच्या टोकाला मोठा होऊन दिसतो. दोन्ही रचनांमध्ये ही तीन अमिनो आम्लं वेगवेगळ्या रंगांत रंगवा, सेमिनारसाठी याहून चांगली स्लाइड मिळणार नाही.

‘आयनिक लॉक’ बद्दल सावध राहा. पुस्तकं सांगतात, की बंद अवस्थेत तिसऱ्या हेलिक्सवरचं आर्जिनिन १३१ आणि सहाव्यावरचं ग्लुटामेट २६८ एकमेकांना धरून असतात आणि रिसेप्टर चालू होताना ही पकड सुटते. तुम्ही उत्साहाने २आरएच१ मध्ये ती पकड शोधायला जाल आणि ती सापडणार नाही. बंद रचनेतही ती सुटलेलीच आहे! तुमचं काही चुकलेलं नाही. पकड सुटली एवढ्यावरून रिसेप्टर चालू झाला असं म्हणता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. ३एसएन६ मध्ये तेच आर्जिनिन जी-प्रोटीनच्या टायरोसिन ३९१ ला टेकलेलं दिसेल.

मग चौथी फाइल, ३पीडीएस. हिच्यात रिसेप्टर चालू करणारं औषध रासायनिक बंधाने कायमचं चिकटवलेलं आहे, सुटायची सोयच नाही. तरीही २आरएच१ वर बसवून बघा: सहावी हेलिक्स जवळपास बंद जागेवरच. कारण खाली जी-प्रोटीन किंवा त्याची जागा घेणारी नॅनोबॉडी नाही. चालू करणारं औषध बसल्यावरही एकटा रिसेप्टर बंद, अर्धवट आणि चालू अशा अवस्थांमध्ये डुलत राहतो. औषध फक्त पारडं चालूच्या बाजूला झुकवतं. पूर्ण उघडी अवस्था टिकते ती खालून जी-प्रोटीनचा टेकू मिळाल्यावर. उलट बाजूनेही हे खरं आहे. जी-प्रोटीन जोडलेला रिसेप्टर औषधाला जास्त घट्ट धरतो.

आणि औषध अजिबात नसतानाही हा रिसेप्टर थोडासा चालू असतोच. रिसेप्टर चालू करणारं औषध म्हणजे ॲगोनिस्ट; हा थोडासा चालूपणाही बंद करणाऱ्या औषधांना म्हणून इन्व्हर्स ॲगोनिस्ट असं वेगळं नाव आहे. कॅराझोलॉल त्यातलंच.

६. पेशीच्या आतलं काम

हे पुस्तकात बरं दिलेलं असतं, म्हणून थोडक्यात. ३एसएन६ मध्ये जी-प्रोटीनच्या अल्फा भागाचे दोन खंड एकमेकांपासून उघडलेले दिसतात, एक खंड सुमारे १२७ अंशांनी फिरलेला आहे. मधे जीडीपी हा लहान रेणू बसायची जागा रिकामी आहे. पेशीत तिथे जीटीपी येऊन बसतो, अल्फा भाग सुटतो, ॲडेनिलिल सायक्लेज या एन्झाइमला गाठतो, सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, प्रोटीन कायनेज ए कामाला लागतं आणि श्वासनलिकेचा स्नायू सैल पडतो. रिसेप्टर मोकळा होऊन पुढच्या जी-प्रोटीनकडे वळतो.

फार वेळ चालू राहिलेल्या रिसेप्टरच्या शेपटीवर जीआरके नावाची एन्झाइमं फॉस्फेट चिकटवतात, त्यावर बीटा-अरेस्टिन येऊन बसतं आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. ही शेपटी या चारही फाइलींत दिसणार नाही, शोधत बसू नका.

७. बसण्याचा आकडा वेगळा, चालवण्याचा वेगळा

केडी म्हणजे ज्या तीव्रतेला निम्मे रिसेप्टर औषधाने व्यापलेले असतात ती तीव्रता. व्यापलेला हिस्सा = तीव्रता ÷ (तीव्रता + केडी). तीव्रता केडीइतकी असेल तर ५० टक्के, दहापट असेल तर सुमारे ९१, शंभरपट असेल तर ९९. वहीत एकदा स्वतः काढा म्हणजे आलेख लॉगवर का काढतात ते कळेल.

ईसी-५० म्हणजे त्या औषधाच्या कमाल परिणामाचा निम्मा परिणाम मिळवून देणारी तीव्रता. पेशीत रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त असतील तर थोडे व्यापूनही भरपूर परिणाम मिळतो आणि ईसी-५० केडीपेक्षा खूप खाली येतो. म्हणून दोन्ही आकडे एकाच तक्त्यात एकाच शीर्षकाखाली टाकणं चूक.

तिसरा आकडा ई-मॅक्स: औषध कितीही दिलं तरी परिणाम कुठपर्यंत जातो. सालब्युटॅमॉल इथे मजेशीर आहे. ते पार्शल ॲगोनिस्ट आहे, म्हणजे सगळे रिसेप्टर व्यापले तरी ॲड्रेनॅलिनइतकं जोरात चालवत नाही. त्याची रचना काढून बघा, कॅटेकॉलमधल्या एका हायड्रॉक्सिलऐवजी तिथे हायड्रॉक्सिमिथाइल आहे. दम्याच्या रुग्णाचं यामुळे अडत नाही, श्वासनलिका मोकळी व्हायला तेवढा धक्का पुरतो. सालमेटेरॉलही पार्शलच, पण त्याला लांब शेपटी आहे आणि ती खिशाच्या बाहेर, वरच्या तोंडाशी वेगळ्या जागी अडकते. त्याचा परिणाम सुमारे बारा तास टिकतो.

८. डॉकिंग करायचंच असेल तर

डॉकिंग म्हणजे औषध रिसेप्टरच्या खिशात कसं बसेल याचा संगणकाने काढलेला अंदाज. गाइडने सांगितलंय म्हणून करावं लागणारच असेल, तर निदान हे पाळा.

चालू करणारं औषध बंद रचनेत डॉक करू नका. २आरएच१ चा बारकावा चांगला म्हणून सगळे तीच उचलतात, पण ॲगोनिस्टसाठी ४एलडीओ किंवा ३एसएन६ घ्या. औषधाच्या नायट्रोजनवर प्रभार आहे ना, आणि आर-प्रकारच आहे ना, हे फाइल उघडून डोळ्यांनी तपासा. सॉफ्टवेअर आपणहून जे करतं ते दरवेळी बरोबर नसतं. शोधाची चौकट ॲस्पार्टेट ११३ आणि सेरीन २०७ दोन्ही आत येतील अशी ठेवा.

नवीन रेणू घालण्याआधी जुनाच परत बसवून बघा. २आरएच१ मधून कॅराझोलॉल काढा, पुन्हा डॉक करा आणि मूळ जागेपासूनचं विचलन मोजा. ते २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं तर पुढे जा, नाहीतर चौकट आणि प्रभार पुन्हा बघा.

आलेला स्कोअर केवळ बसण्याचा अंदाज असतो. उणे नऊ आलेला रेणू उणे आठवाल्यापेक्षा ‘जास्त चांगला ॲगोनिस्ट’ आहे असं प्रबंधात लिहू नका. तो ॲगोनिस्ट आहे की ब्लॉकर, हेही त्या आकड्यावरून ठरत नाही. ते ठरवायचं तर पेशी घेऊन सायक्लिक एएमपी मोजावं लागतं. कॉलेजात ती सोय नसेल तर निष्कर्षात ‘बसण्याची शक्यता दिसते’ एवढंच लिहा.